शिव्या कमावण्याची कला: मॉडेल ट्रिश स्ट्रॅटस रिंगमधली खलनायिका कशी झाली

१४ मार्च २००४ची रात्र. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विसावा रेसलमेनिया, अमेरिकी रेसलिंगचा सगळ्यात मोठा वार्षिक सोहळा, सुरू आहे. रिंगमध्ये ख्रिस जेरिको आणि ख्रिश्चन, दोघंही कॅनडाचे, एकेकाळचे जोडीदार. भांडणाच्या मुळाशी आहे एक पैज. ट्रिश आणि लिटा या दोन महिला पैलवानांना आधी कोण गटवतो, यावर दोघांनी पैज लावली होती, रक्कम एक कॅनेडियन डॉलर. ट्रिशच्या कानावर ते गेलं. पुढे जेरिकोला खरोखरच तिच्याबद्दल प्रेम वाटू लागलं, तो पस्तावला. ख्रिश्चनला मात्र पस्तावा वगैरे काही नव्हता.

ट्रिश धावत येते ती जेरिकोच्या मदतीला. गोंधळात तिचा फटका जेरिकोलाच बसतो आणि ख्रिश्चन जिंकतो. बिचारा जेरिको तिच्यावर रागावतही नाही. तो तिची समजूत काढायला जातो आणि ती त्याच्या थोबाडीत देते. ख्रिश्चन त्याला लोळवतो. मग ती आणि ख्रिश्चन एकमेकांना मिठीत घेऊन, चुंबन घेत निघून जातात. दोन-तीन वर्षं लाडकी असलेली नायिका काही सेकंदांत खलनायिका होते.

यातलं सगळं आधी ठरलेलं होतं. पैज, पस्तावा, थोबाडीत, चुंबन, सगळं. तरीही हे चांगलं जमवणं फार अवघड असतं. ते का, आणि कॅनडाच्या एका फिटनेस मासिकातल्या मॉडेलला ते इतकं छान कसं जमलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

आपल्याकडे केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफचे, म्हणजे आज डब्ल्यूडब्ल्यूई म्हणतात त्या अमेरिकी कंपनीचे, सामने आले, तेव्हापासून घराघरात एकच वाद होता: हे खरं की खोटं? शाळेच्या दप्तरात पैलवानांची ट्रम्प कार्डं असायची. त्यावरचे उंची, वजन, छातीचे आकडे आम्ही पाढ्यांपेक्षा चांगले पाठ केले होते. ‘सगळं खोटं असतं’ असं कुणी म्हटलं की भांडणं व्हायची. माझी आजी या वादात कधी पडली नाही. ती जपमाळ हातात घेऊन बसायची आणि रेफरीची पाठ वळली की टीव्हीकडे बोट करून ओरडायची, “अरे मेल्या, मागं बघ की!” आता वाटतं, आम्हा सगळ्यांत खरी प्रेक्षक तीच होती.

आपल्या भाषेत ठरवून केलेल्या लढतीला एक शब्द आहे, नुरा कुस्ती. पण नुरा कुस्तीत प्रेक्षकाची फसवणूक असते. फडावर जमलेल्या माणसाला खरी, निकाली कुस्ती पाहायला मिळणार असं सांगितलेलं असतं आणि पैलवानांनी आतून संगनमत केलेलं असतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक रेसलिंगमध्येही पूर्वी हे गुपित कसोशीने जपलं जाई. आतल्या माणसांच्या बोलीत त्या गुपिताला ‘केफेब’ म्हणतात. नायक आणि खलनायक एका गाडीतून प्रवाससुद्धा करायचे नाहीत, कुणी पाहिलं तर? पुढे १९८९मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढे खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफनेच सांगून टाकलं की हा खेळ नाही, ही करमणूक आहे. कारण व्यवहाराचं होतं: खेळ म्हटला की सरकारी क्रीडा आयोगाची देखरेख आली, कर आला. तेव्हापासून प्रेक्षकाला माहीत असतं, आणि माहीत असूनही तो ओरडतो. म्हणून याला नुरा कुस्ती म्हणणं मला पटत नाही. हे नाटक आहे. फक्त यातली पडझड खऱ्या हाडामांसाची आहे.

ती पडझड नीट समजून घेऊ, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. रिंगची जमीन म्हणजे पोलादी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळसा फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. लाल मातीचा हौदा तेल, ताक घालून मऊ केलेला असतो. इथे तसलं काही नाही. शिकाऊ पैलवानाला पहिली शिकवण मिळते ती पडण्याची. याला ‘बंप’ म्हणतात. हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. कंबरेवर किंवा कोपरावर पडायचं नाही, वरची सगळी पाठ एकदम टेकवायची आणि त्याच क्षणी दोन्ही तळहात जोरात जमिनीवर मारायचे. मार एका जागी न बसता पसरतो आणि आवाजही मोठा येतो. दुखायचं ते दुखतंच. असे बंप एका सामन्यात वीस-पंचवीस सहज होतात, आणि आठवड्यात असे अनेक सामने.

दुसरी गोष्ट ‘सेल’ करण्याची, म्हणजे समोरच्याचा फटका प्रेक्षकाला विकण्याची. गुडघ्यावर लाथ बसली असेल तर पुढची दहा मिनिटं तो गुडघा लंगडला पाहिजे. विसरलात, तर समोरच्याची सगळी मेहनत पाण्यात.

आता नायक आणि खलनायक. नायकाला ‘बेबीफेस’ किंवा नुसतं ‘फेस’, खलनायकाला ‘हील’. मेक्सिकोत याच जोडीला ‘टेक्निको’ आणि ‘रुदो’ म्हणतात, म्हणजे एक कसबी, एक आडदांड. हीलने प्रेक्षकांत जो राग पेटवायचा त्याला ‘हीट’ म्हणतात. निळू फुले पडद्यावर आले की बायका त्यांना शिव्याशाप द्यायच्या, प्रत्यक्षात भेटले तरी बिचकायच्या. त्या माणसाचा साधेपणा आणि समाजकार्य ज्यांना ठाऊक होतं त्यांना त्या शिव्यांचं मोल कळे. कमावलेली हीट म्हणजे तेच.

सामान्य प्रेक्षकाला वाटतं, नायक जिंकणार असतो म्हणजे सामना त्याच्या हातात असतो. होतं उलटं. जुन्या रिवाजाप्रमाणे सामना हील चालवतो. सुरुवातीला थोडा वेळ नायक चमकतो. मग हील काहीतरी लबाडी करून डाव उलटवतो आणि बराच काळ त्याला तुडवतो. या मधल्या भागात हीलला सतत मोजमाप करावं लागतं: लोक किती चिडलेत? नायकाला आता एक संधी द्यावी का? दिली की लगेच हाणून पाडावी का? संधी फार लवकर दिली तर राग पिकत नाही, फार उशिरा दिली तर लोक कंटाळून खुर्चीत मागे रेलतात. शेवटी नायक उसळून उठतो आणि तेव्हा हीलने त्याच्या हातून वाऱ्यावरच्या पाचोळ्यासारखं उडायचं असतं. हे चालू असताना दोघं हळू आवाजात बोलत असतात. हेडलॉकमध्ये, म्हणजे डोकं काखेत आवळून धरलं की, चेहरे लपलेले असतात ना, त्यात पुढचे डाव ठरतात. रेफरीच्या कानात यंत्र असतं. किती मिनिटं उरली हे तो आतून ऐकतो आणि दोघांना सांगतो. म्हणजे खलनायकाचं निम्मं काम दुसऱ्याला मोठं करण्याचं असतं, आणि ते करताना स्वतः लोकांच्या शिव्या खायच्या.

रूपाचा गर्व हा या धंद्यातला जुना, हमखास चालणारा खलनायकी गुण. १९४०-५०च्या दशकात, अमेरिकेत टीव्ही नवा असताना, जॉर्ज वॅग्नर नावाचा पैलवान ‘गॉर्जस जॉर्ज’ झाला. सोनेरी रंगवलेले कुरळे केस, झगमगते झगे, आणि पुढे चालत रिंगमध्ये अत्तर फवारणारा नोकर. लोक त्याला हरताना बघायला तिकीट काढत. १९६१मध्ये लास वेगासला तरुण मुष्टियोद्धा कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, त्याला भेटला. तोंडाने फुशारक्या मारल्या की सभागृह भरतं, हा धडा त्याने तिथून उचलला.

त्याच वाटेवर पुढे क्यूबेकचा रिक मार्टेल आला. १९८९मध्ये त्याने रेसलमेनियात जोडीदार टिटो सँटानाला भर सामन्यात सोडून दिलं आणि मग तो ‘द मॉडेल’ बनला. छातीवर बिल्ला: ‘होय, मी मॉडेल आहे.’ हातात अत्तराचा भलामोठा फवारा. अत्तराचं नाव ‘ॲरोगन्स’, म्हणजे माज. ते अत्तर त्याने जेक रॉबर्ट्स या पैलवानाच्या डोळ्यांत मारलं, जेक आंधळा झाला असं कथानक चाललं आणि १९९१मध्ये दोघं डोक्यावर काळ्या पिशव्या घालून लढले. मार्टेल खरा मॉडेल कधीच नव्हता. पैलवानाने घेतलेलं ते सोंग होतं.

ट्रिशचा प्रवास उलट्या दिशेने झाला. ती खरी मॉडेल होती आणि तिला पैलवान व्हायचं होतं.

पॅट्रिशिया स्ट्रॅटिजीयस ही कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातली मुलगी, जन्म १९७५. टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठात जीवशास्त्र आणि शरीराच्या हालचालींचं शास्त्र शिकत होती, फुटबॉल आणि हॉकी खेळायची. १९९७मध्ये विद्यापीठात प्राध्यापकांचा संप झाला, शिक्षण अडलं. एका जिममध्ये स्वागतिकेचं काम करत असताना ‘मसलमॅग इंटरनॅशनल’ या मासिकाच्या प्रकाशकाने तिला छायाचित्रांसाठी विचारलं. १९९८मध्ये ती मुखपृष्ठावर होती. रेसलिंग ती लहानपणापासून पाहत आलेली. म्हणून मॉडेलिंग चाललेलं असतानाच टोरंटोतल्या सलीज जिममध्ये रॉन हचिसन यांच्याकडे ती पडायला शिकू लागली. नोव्हेंबर १९९९मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने करार केला आणि मार्च २०००मध्ये ती पडद्यावर आली.

आली ती मॅनेजर म्हणून. टेस्ट आणि अल्बर्ट नावाच्या दोन धिप्पाड पैलवानांची ही मालकीण. जोडीचं नाव त्यांच्या आद्याक्षरांवरून ठेवलेलं, आणि त्यात बाईच्या शरीरावरचा एक सवंग इंग्रजी द्व्यर्थ. काम एवढंच: गोड हसून समोरच्यांचं लक्ष विचलित करायचं. एप्रिल २०००मध्ये ‘बॅकलॅश’ कार्यक्रमात बब्बा रे डडलीने तिला उचलून लाकडी टेबलावर आपटलं, टेबल फुटलं. मी हा प्रसंग आता पाहतो तेव्हा दोन गोष्टी एकदम मनात येतात. धंद्याच्या गणितात हे चोख होतं. इतके आठवडे मिरवणाऱ्या खलनायिकेला शिक्षा मिळणार, यासाठीच लोक थांबले होते. पण बाईला आपटताना पाहून हजारो माणसांनी खूश व्हावं, हे गणित मांडलं कुणी, हाही प्रश्न आहेच. आणि तरी एक तिसरी गोष्ट उरते: नव्या मुलीने तो बंप घेतला, अंग चोरलं नाही. आत, ड्रेसिंग रूममध्ये, पत मिळते ती यावर.

५ मार्च २००१चा प्रसंग मात्र मला कोणत्याही गणिताने माफ करता येत नाही. कंपनीचे मालक विन्स मॅकमहन स्वतः खलनायक बनून पडद्यावर असायचे. त्या रात्री ‘रॉ’ या साप्ताहिक टीव्ही कार्यक्रमात त्यांनी ट्रिशला रिंगच्या मध्यभागी कपडे उतरवायला आणि गुडघ्यांवर बसून कुत्र्यासारखं भुंकायला लावलं. कथा म्हणून त्याचा हिशेब १ एप्रिलला, ह्यूस्टनच्या रेसलमेनियात चुकता झाला. ट्रिशने व्हीलचेअरवर विन्सच्या पत्नी लिंडा मॅकमहनना आणलं आणि भर रिंगणात विन्सच्या थोबाडीत दिली. तिचा खलनायिकेचा पहिला अध्याय तिथे संपला आणि लोकांनी तिला आपलं म्हटलं. पण पाहिलेलं भुंकणं त्या थोबाडीतीने पुसलं जात नाही. त्या काळात कंपनीला बाई हवी होती ती दाखवायला. अंतर्वस्त्रांपर्यंत कपडे फाडण्याचे ‘सामने’ सर्रास व्हायचे, आणि अशा सामन्यांसाठी मॉडेल पुरेशी होती.

ट्रिशला ते पुरेसं वाटलं नाही, हाच तिच्या कहाणीचा कणा. उत्तर आयर्लंडचे फिट फिन्ले हे जुने, राकट पैलवान तेव्हा तिथल्या महिलांना शिकवत होते. त्यांच्या हाताखाली ती घासली गेली. नोव्हेंबर २००१मध्ये सहा जणींच्या सामन्यात तिने पहिल्यांदा महिला विजेतेपद घेतलं, तेव्हा ती अजून कच्ची होती. दोन वर्षांत पक्की झाली. आणि मग आली २००४ची ती रात्र.

आता मॉडेलिंगचं भांडवल कुठे कामाला आलं ते पाहा. रिंगच्या एका बाजूला एक कॅमेरा कायमचा रोवलेला असतो, त्याला ‘हार्ड कॅमेरा’ म्हणतात. चांगला पैलवान डोळे मिटूनही सांगेल तो कुठे आहे, कारण प्रत्येक डाव त्याच्याकडे तोंड करून करायचा असतो. नवख्यांना हे शिकायला वर्षं लागतात. ट्रिशला ते आधीच अंगवळणी पडलेलं होतं. मॉडेलला आपला चेहरा बाहेरून कसा दिसतोय याचं भान कायम असतं. आधी तिने हे भान गोड दिसण्यासाठी वापरलं. आता कुठली भुवई किंचित उचलली की लोकांच्या अंगाचा तिळपापड होईल, यासाठी वापरलं. आधी लोकांचे हात हातात घेत येणारी मुलगी आता त्यांच्याकडे न बघता, जणू सगळ्यांना आंघोळीची गरज आहे असं नाक मुरडत यायला लागली.

त्यातून लिटाबरोबरचं वैर उभं राहिलं. लिटा म्हणजे टॅटूवाली, ढगळ पँट घालणारी, उंचावरून उड्या मारणारी मुलगी. मुखपृष्ठाच्या अगदी उलट. ट्रिश तिला जाडी म्हणून हिणवायची, तिच्या दुःखाची टिंगल करायची. प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्गात अशी एक ट्रिश आणि एक लिटा असते. प्रेक्षकांतल्या कितीतरी मुलींना ते टोमणे आपल्यालाच मारल्यासारखे लागले असतील. नोव्हेंबर २००४मध्ये लिटाने तिला खुर्चीने हाणलं. कथेप्रमाणे नाक मोडलं आणि ट्रिश नाकावर संरक्षक मुखवटा लावून फिरू लागली. हा मुखवटा मला कथाकथनाचा नमुना वाटतो. जिचा सगळा तोरा चेहऱ्यावर, तिचाच चेहरा झाकलेला. लोकांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

६ डिसेंबर २००४ला नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये दोघींचा सामना ‘रॉ’चा शेवटचा, म्हणजे मुख्य सामना होता. त्यात लिटाने दोरांमधून बाहेर झेप घेतली आणि ती मानेवर आपटली. ते दृश्य आजही अंगावर काटा आणतं. मान दुमडली, वरून सगळं शरीर आलं. हे कुणी लिहिलेलं नव्हतं. लिटा उठली, सामना पुढे गेला, तिने वरच्या दोरावरून उलटी कोलांटी मारत ट्रिशवर झेप घेतली आणि विजेतेपद जिंकलं. त्या झेपेखाली स्थिर पडून राहणं, घाबरून बाजूला न सरकणं, गुडघे वर न घेणं, हे खलनायिकेचं काम असतं. वरून येणाऱ्या बाईचा जीव खाली पडलेल्या बाईच्या भरवशावर असतो. पडद्यावर एकमेकींचा जीव घ्यायला उठलेल्या या दोघी प्रत्यक्षात जिवलग मैत्रिणी आहेत.

प्रेक्षक मात्र नेहमी ठरवल्याप्रमाणे वागत नाही. २००६च्या रेसलमेनियात, शिकागोजवळ, आता पुन्हा नायिका झालेली ट्रिश होती आणि खलनायिका मिकी जेम्स, ट्रिशच्या वेडाने पछाडलेली चाहती. लोकांनी मिकीलाच डोक्यावर घेतलं आणि ट्रिशची हुर्यो उडवली. लेखक लिहितात, पण कौल सभागृहाचा असतो. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला टोरंटोत, घरच्या माणसांसमोर, तिने लिटाला हरवून सातवं विजेतेपद घेतलं आणि तिथेच निवृत्त झाली. २०१३मध्ये तिला कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

इथे थांबली असती तर ती एक आदरणीय माजी विजेती राहिली असती. पण एप्रिल २०२३मध्ये ती परत खलनायिका झाली, आणि माझ्या मते हे तिचं सगळ्यात कसदार काम. आजच्या पिढीतली आघाडीची पैलवान बेकी लिंच हिची जोडीदार म्हणून ती रिंगमध्ये उतरली, दोघी हरल्या आणि तिने बेकीवरच हल्ला केला. तिची तक्रार काय? तर आज बायका रेसलमेनियाचा मुख्य सामना लढतात, त्यांना कुणी ‘डिव्हा’, म्हणजे नखरेल सुंदरी, म्हणत नाही, पण हा रस्ता मी बांधला आणि मला कुणी धन्यवाद म्हटलं नाही. ‘थँक यू, ट्रिश’ म्हणा, असं ती लोकांना बजावायची.

उत्तम खलनायक खोटं बोलत नाही. तो खरं तेच बोलतो, पण अशा माजाने की ते खरं आपल्याला गिळवत नाही. ट्रिशने रस्ता बांधला होता, हे कुणालाही माहीत होतं. जिला भुंकायला लावलं त्याच बाईने पुढे ‘रॉ’चा मुख्य सामना लढून दाखवला होता. तेच ती हक्काने, बोट रोखून मागायला लागली आणि लोकांनी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या शिव्यांत तिचं नाव पुन्हा प्रत्येकाच्या तोंडी आलं, आणि खरा फायदा बेकीचा झाला.

मे महिन्यात जेद्दामध्ये झोई स्टार्क या नव्या मुलीने लबाडीने मदत केली आणि ट्रिशने बेकीला हरवलं. शेवट २ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये, पोलादी पिंजऱ्यात झाला. ट्रिश ४७ वर्षांची होती. बेकीने तिला वरच्या दोरावरून उचलून खाली आपटलं, रेफरीने तीन मोजले. झोई तिला उठवायला आली, आणि ट्रिशने तिच्याच थोबाडीत दिली. एकोणीस वर्षांपूर्वी जेरिकोला दिली होती, तशीच. फरक एवढाच की या वेळी समोरची गप्प बसली नाही. झोईने तिला उचललं, फिरवलं आणि पुन्हा त्याच फळ्यांवर आपटलं.